शेवग्यावरचा तांबट

परब भावजींनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही. अर्धं स्वभावामुळे आणि अर्धं साचेखात्यामुळे.

साचेखातं म्हणजे मिलमधलं कापड विणायचं खातं, आणि साचे म्हणजे माग. एका छपराखाली शेकडो साचे एकदम चालायचे. आमचे हे आणि परब भावजी एकाच पाळीला, शेजारशेजारच्या साच्यांवर होते. तिथे एका माणसाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायचाच नाही. म्हणून सगळे ओठांनी आणि हातांनी बोलायचे. घरी येतानाही दोघं चाळीच्या जिन्यात उभे राहून आवाज न काढता गप्पा मारायचे. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, दोघांचं काहीतरी वाकडं आलंय. चहा हवा असला की आमचे हे नुसती दोन बोटं वर करायचे. देवाने तोंड कशाला दिलंय, असं मी विचारायची. ते माझ्या ओठांकडे बघून हसायचे.

पंधरा-वीस वर्षं साच्यांवर काढली की कान जातात. आमच्या यांचे थोडे गेले, भावजींचे पुरते गेले. पण ते कबूल करायचे नाहीत. "ह्या कानान जरा कमी येता," म्हणायचे आणि कधी उजवा कान दाखवायचे, कधी डावा.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आणि माझी खोली, मध्ये एक भिंत. त्यांच्या बायकोने, शालनने, मजल्याला एक नियम घालून दिला होता. भावजींशी बोलायचं तर त्यांच्या समोर यायचं आणि तोंडावर उजेड घेऊन बोलायचं. दार वाजवायचं नाही. उंबऱ्याबाहेर पाय आपटायचा, म्हणजे लाकडी जमीन हादरते आणि त्यांना कळतं. आणि बहिरा हा शब्द मजल्यावर कुणी काढायचा नाही, मागून तर नाहीच, कारण पुढच्या माणसाचा चेहरा बघून त्यांना मागचा काय बोलला तेही कळायचं. शालन गेली तरी नियम राहिला. चाळीत पाणी यायची वेळ कुणी पाळली नाही, पण हा नियम सगळ्यांनी पाळला.

माणूस अंगाने काटक. आठ तास उभं राहून काम केलेलं, त्यामुळे बसायची सवय नाही. लग्नाला गेले तरी मांडवाच्या खांबाशी उभे. कुणी नवीन साडी नेसून दिसलं की पदराचा काठ चिमटीत धरून चोळायचे आणि निकाल द्यायचे. "ही माणसान विणूक नाय." नवऱ्या मुलीच्या शालूलाही सोडायचे नाहीत. पोरी त्यांना बघितलं की पदर आवळून घ्यायच्या. त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं, "यंत्र चुकणा नाय, माणूस चुकता." पंखा बंद पडला तरी हे वाक्य, चाळीची मोटार जळली तरी हेच.

दुसरं आवडतं वाक्य तांबटाचं. तांबट म्हणजे चिमणीहून थोडा मोठा हिरवा पक्षी. झाडाच्या शेंड्यावर बसून तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा टुक टुक करत राहतो. भावजी म्हणायचे, गावाला लहानपणी तो दिवसभर ऐकू यायचा. मिलमध्ये लागले तेव्हाही गेटवरच्या वडावर असायचा. "मग गेलो. मिल गेली, तांबट गेलो. आता ह्या मुंबैत तांबट नाय." हे ते गॅलरीत उभे राहून सांगायचे आणि खाली नळाजवळच्या शेवग्यावर तांबट टुक टुक करत असायचा. सगळे माना डोलवायचे. मीही डोलवायची. नियम होता ना.

त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा त्यांची मुलगी नीता, दादरला राहते, तिने कॅमेरा आणून दिला. तिचा हिशेब सरळ होता. बाबा दिवसभर गॅलरीत उभे राहून कावळ्यांना शेव घालतात, त्यापेक्षा बाहेर पडतील, पक्ष्यांचे फोटो काढतील. काळा, जाडजूड कॅमेरा. बटण दाबलं की पुढचं नळकांडं घर्रकन बाहेर यायचं. ते किती लांब यायचं ते बघून मी म्हटलं, भावजी, ह्याचं नाक तुमच्यापेक्षा मोठं आहे. त्यांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं आणि तीन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. नुसता टेबलावर ठेवून समोर उभे राहायचे. नवीन साचा आला की आधी तीन दिवस नुसता बघायचा, ही त्यांची रीत.

चौथ्या दिवशी मी वाटीभर आमटी द्यायला गेले तर भावजींच्या हातात शिलाई मशीनच्या तेलाची डबी. कॅमेऱ्याचं नाक बाहेर काढून ठेवलेलं आणि त्याच्या सांध्यात थेंब सोडणं चाललेलं. मी जोरात पाय आपटला. ते वळले, पण थेंब पडून गेला होता. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "नवा यंत्र पहिला तेल मागता."

साच्यांना तेल लागतं, हे मला माहीत होतं. कॅमेऱ्याला लागत नसणार, असं मला वाटलं, पण मला कॅमेऱ्यातलं काय कळतं? मी आमटी ठेवून आले. आठ दिवसांनी नीता कॅमेरा घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. तो म्हणाला, तेल आत भिंगापर्यंत गेलंय, सगळं खोलावं लागेल, त्यापेक्षा चालतंय तसं चालू द्या. तेव्हापासून भावजींच्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात वर एक धुरकट ढग असतो. ऐन मे महिन्यातही ढग. नीता वैतागली. भावजी म्हणाले, ढग आकाशातच आहे, पक्ष्यावर नाही.

मग शिकणं सुरू झालं. कॅमेऱ्याच्या बटणाला म्हणे दोन टप्पे असतात. अर्धं दाबायचं, म्हणजे कॅमेरा बघून घेतो, पडद्यावर हिरवा चौकोन येतो. मग पूर्ण दाबायचं. भावजींचं बोट साच्याचा दांडा ओढलेलं. त्याला अर्धं माहीत नव्हतं. महिनाभर ते माझ्या दारातल्या दिव्याच्या बटणावर अर्धं दाबायचा सराव करत होते. गळ्यात अडकवायचा पट्टा त्यांना लांब वाटला, तो त्यांनी कापला आणि विणकराची गाठ मारली. ती गाठ नीताला सोडवता आली नाही, मला नाही, दुरुस्तीवाल्यालाही नाही. नाक पूर्ण बाहेर काढलं की पक्षी मोठा दिसायचा, पण पक्षी सापडायचा नाही, नुसतं निळं आकाश. मग ते दोन्ही डोळे उघडे ठेवून, एका डोळ्याने झाड आणि एका डोळ्याने पडदा, असं बघायला शिकले. हे मात्र त्यांना लवकर जमलं. दोन साच्यांवर एकदम लक्ष ठेवणारा माणूस.

ह्याच दिवसांत एक वेगळंच प्रकरण झालं. समोरच्या गॅलरीच्या कठड्यावर पोपट बसला होता. भावजींनी नाक पूर्ण बाहेर काढून त्याच्यावर धरलं. पोपट उडाला. पण त्याच्या मागे चाळ कमिटीचे सेक्रेटरी राणे कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते आणि त्यांचे ओठ भावजींच्या पडद्यावर ताटाएवढे दिसत होते. भावजींनी सगळं वाचलं, कॅमेरा खाली केला आणि गॅलरीत उभं राहून मोठ्याने सांगितलं, "मे अखेर खोल्ये खाली करूचे हत. राणे शिमग्यापर्यंत सांगूचो नाय म्हणता."

भावजींचा आवाज मिलमधला. तिन्ही मजल्यांना ऐकू गेला. चाळ पाडून टॉवर होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तारीख ठाऊक नव्हती. त्या संध्याकाळी राण्यांच्या दारात जी सभा झाली, तशी चाळीच्या इतिहासात झाली नसेल. राण्यांनी विचारलं, परबांना कुणी सांगितलं? त्यांना तर ऐकू... आणि मग गप्प झाले, कारण नियम त्यांनाही लागू होता.

तेव्हापासून भावजींनी कॅमेरा उचलला की समोरच्या बायका पदराने तोंड झाकायच्या. भावजींना वाटायचं, लाजतात.

फोटो मात्र येत नव्हते. माणूस दोन-दोन तास खांबासारखा उभा राहू शकतो, हात हलत नाही, नजर अशी की हजार धाग्यांत तुटलेला एक धागा दिसावा. तरी फोटोत पक्षी नाही. नुसती वायर, नुसती फांदी. चाळीस फोटोंत एखादी शेपटी. नीता फोटो छापून आणायची आणि भावजी ते सगळे वहीत चिकटवायचे. एक फोटो टाकून द्यायचे नाहीत. विणलेलं उसवायची त्यांना सवय नव्हती. खाली बॉलपेनने लिहायचे, "इथे दयाळ होता." पुढच्या पानावर रिकामी तार, "इथे खंड्या होता." ती वही बघून चाळीतली माणसं दारामागे जाऊन हसायची. मी समोरच हसायची. भावजींचं म्हणणं एकच होतं, हल्लीचे पक्षी बिथरलेले आहेत.

मला ते बरोबर घेऊन जायचे. कारण असं सांगायचे, "वहिनी, चला, तुमचे पाय आखडले हत." खरं कारण दोघांनाही माहीत होतं. मला ऐकू यायचं. झाडाखाली गेलं की मी कान द्यायची आणि त्यांच्या दंडाला हात लावायची. ते तळवा उताणा करून मनगट फिरवायचे. ही साचेखात्यातली खूण, "खंय?" म्हणजे कुठे. मी बोटाने दाखवायची. दोन बोटं वर म्हणजे शेंड्याला, एक आडवं म्हणजे मधल्या फांदीत. आमचे हे गेले, पण त्यांच्यामुळे मला त्या खुणा येत होत्या. भावजी नाक बाहेर काढायचे, अर्धं बटण दाबायचे, कॅमेरा टीट-टीट करायचा आणि पक्षी उडायचा.

हो, टीट-टीट. मी ते पहिल्या दिवसापासून ऐकत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजकाल कोण ओरडत नाही? फ्रिजचं दार उघडं राहिलं तर तो ओरडतो, लिफ्ट ओरडते, बसमध्ये कंडक्टरचं मशीनही ओरडतं. कॅमेराही ओरडत असेल, असं मला वाटलं. भावजींना तो ओरडतो हेच माहीत नव्हतं, आणि त्यांना माहीत नाही हे मला सुचलं नाही. असं आमचं दोन-तीन महिने चाललं.

मार्चमध्ये त्यांना समुद्रावरचे पक्षी हवे होते म्हणून आम्ही बसने कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेलो. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, वर घारी फिरत होत्या, खाली बगळे. एक कोळीण बोंबील उलटे करत बसली होती. भावजींनी तिच्या डोक्यावरच्या घारीवर कॅमेरा धरला. ती शेजारणीला पुटपुटली. आम्ही तीस पावलं लांब, मलाही ऐकू आलं नाही. भावजींनी कॅमेरा खाली केला आणि ओरडून सांगितलं, "बायको होती. तुझ्यापेक्षा बरी भांडायची."

कोळीण पहिल्यांदा दचकली आणि मग इतकी हसली की तिच्या हातातला बोंबील खाली पडला. ती उठून माझ्याकडे आली आणि तिने विचारलं, मी एवढ्या हळू बोलले, की ह्या म्हाताऱ्याला घरी बायको नसेल म्हणून आमचे फोटो काढत फिरतो, ते त्याला ऐकू कसं गेलं? मी सांगितलं, त्यांना डोळ्याने ऐकू येतं. तिला ते पटलं. तिने एक बोंबील हवेत फेकला. घार सूऽऽ करून खाली आली, कॅमेरा टीट-टीट झाला, आणि घार बुजली नाही. बोंबील घेऊनच गेली. भावजींच्या वहीतला तो पहिला पक्षी. घारीला त्या आवाजाचं काही वाटलं नाही. ती मच्छीमार नगरात वाढलेली, तिने मोठमोठे आवाज ऐकलेले.

पण नंतर खंड्या होडीच्या दोरावर येऊन बसला, निळा, चोचीत मासा. भावजींनी श्वास धरला. टीट-टीट. खंड्या गेला. मागे एक बाई उभी होती, बँकेत काम करणारी असावी, तिच्याकडेही कॅमेरा होता. तिचाही खंड्या गेला. ती माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, मावशी, काकांना तेवढा आवाज बंद करायला सांगा ना, सगळे पक्षी उडतात त्याने.

मला खरंच हसू आलं. एवढंच होतं? मी बसमध्ये बसल्यावर भावजींच्या समोरच्या सीटवर बसले, तोंडावर उजेड घेऊन, आणि सांगितलं, कॅमेऱ्याचा आवाज बंद करा.

"कसलो आवाज?"

मी सांगितलं, तो टीट-टीट करतो. बटण दाबलं की. पहिल्या दिवसापासून.

ते म्हणाले, नाही करत. यंत्र चुकत नाही. पक्षी बिथरलेत, तांबट बघा कसा मुंबई सोडून गेला.

माझा स्वभाव असा आहे की एकदा सुरू झालं की मला थांबता येत नाही. आणि मला वाटलं, मे अखेर चाळ जाणार, शेवगाही जाणार. मग हा माणूस मरेपर्यंत सांगत राहणार की मुंबईत तांबट नाही, आणि आम्ही माना डोलवत राहणार. मी म्हटलं, "भावजी, तांबट कुठे गेला नाही. रोज ओरडतो, आपल्याच शेवग्यावर. तुम्ही बहिरे आहात."

तो शब्द पहिल्यांदा निघाला, तोही मजल्यावर नाही, बसमध्ये. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. डिलाईल रोड येईपर्यंत वळले नाहीत.

पुढे अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी उंबऱ्याबाहेर पाय आपटला तर दार उघडायचे, वाटी घ्यायचे, माझ्या तोंडाकडे न बघता. बहिऱ्या माणसाने तोंडाकडे बघितलं नाही की आपण बोलूच शकत नाही. ही शिक्षा त्यांनाच देता येते. गॅलरीत तांबटाचा विषय बंद झाला. शेवग्यावर तो ओरडायचा आणि लोक माझ्याकडे बघायचे, जसं काही मीच ओरडतेय. नीताचा फोन आला. "मावशी, आईने सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, सांगितलं होतं. पण तुम्ही कोणी सांगणार नव्हता, आणि झाड पडल्यावर सांगून काय उपयोग? मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. बोलले ते खोटं नव्हतं.

मग नीताने जे घडलं ते सांगितलं. अकराव्या दिवशी भावजी एकटे बसने दादरला गेले, कॅमेरा तिच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ह्येचो आवाज बंद कर." तिने बंद केला. त्यांनी विचारलं, "मोठो होतो?" ती म्हणाली, पुरेसा होता, बाबा. मग कॅमेरा गळ्यात अडकवत त्यांनी विचारलं, "आणि तांबट?" नीता त्यांच्या समोर आली आणि नुसती मान हलवली. आहे. त्यांनी चहा घेतला नाही, परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण... म्हणजे आमची गॅलरीच, झाडत होते. भावजी दारात येऊन उभे राहिले. दाढी केलेली, गळ्यात कॅमेरा. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, तळवा उताणा केला आणि मनगट फिरवलं.

"खंय?"

मी केरसुणी ठेवली. आम्ही खाली नळाजवळ गेलो. शेवग्याची एक फांदी वाळलेली होती, तिला रुपयाएवढं गोल भोक. तांबट ओरडतच होता. मी त्यांच्या दंडाला हात लावला आणि कान दिला.

आता गंमत ऐका. चाळीस वर्षं मी तो आवाज ऐकतेय, पण पक्षी बघायची मला कधी गरज पडली नव्हती. त्या दिवशी शोधायला गेले तर आवाज सगळीकडून येत होता. वाटायचं वर आहे, मग वाटायचं नळाच्या टाकीवर, मग शेजारच्या चाळीच्या पत्र्यावर. टुक टुक टुक, तो एका चालीत बोलतोय आणि मी वेड्यासारखी मान फिरवतेय. मी एकदा दोन बोटं वर केली, मग एक आडवं, मग पुन्हा दोन. भावजी माझ्या हाताकडे बघत राहिले. बायका हंडे घेऊन नळावर उभ्या होत्या, त्याही थांबल्या. शेवटी मी दोन्ही हात पसरले. नाही सापडत. बसमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं मी.

भावजींनी माझ्यावरची नजर काढली आणि झाडाकडे वळवली. एक डोळा कॅमेऱ्यात, एक बाहेर. झाडाची पानं हलत होती, शेंगा हलत होत्या, त्यांनी हे सगळं सोडून दिलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हळूहळू, ताण्याचे उभे धागे तपासावे तसे वर वर गेले. आणि थांबले.

"बोलता हा," ते म्हणाले.

मी त्यांच्या पडद्यात बघितलं. पानांमध्ये पानासारखाच हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. चोच बंद. गळ्याची पिशवी तेवढी फुगायची आणि बसायची. टुक. फुगायची, बसायची. टुक. भावजींची मान हलायला लागली, बरोबर तालावर. एकही ठोका चुकला नाही. माझ्या कानात तो वाजत होता आणि समोर ह्यांची मान हलत होती. मध्येच तांबट थांबला, मानही थांबली. पुन्हा सुरू झाला, मानही.

मी विचारलं, फोटो काढला का? त्यांना आठवण झाली. त्यांनी अर्धं बटण दाबलं, थांबले, पूर्ण दाबलं. काही आवाज झाला नाही. तांबट बसलेलाच.

"तोंड मिटून बोलता," भावजी मला म्हणाले. "ह्येका साच्यावर घेतलो असतो तर ह्येचा बोलणा कोणाक कळला असता?"

मी म्हटलं, तुम्हाला कळलं ना. त्यांनी ते वाचलं आणि मला आमटीची आठवण करून दिली. अकरा दिवसांच्या आमट्या आंबट होत्या म्हणे.

मे अखेर आम्ही खोल्या खाली केल्या. शेवग्यावरचं भोक त्याआधीच रिकामं झालं होतं. तांबटाची पिल्लं मुदतीच्या आत निघून गेली, राण्यांना त्यांना नोटीस द्यावी लागली नाही. मी मुलाकडे परळला आले. भावजी दादरला नीताकडे गेले, सातव्या मजल्यावर.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. झोपेत. नीताने ती वही मला बघायला दिली. पहिली पन्नास पानं रिकाम्या फांद्या आणि तारा. मग घार. मग शेवग्याचं पान, उजवीकडे वर नेहमीचा ढग, आणि मध्ये तांबट, चोच मिटलेला. खाली बॉलपेनने लिहिलंय, "वहिनींनी ऐकला. मी बघितला." त्यापुढच्या प्रत्येक पानावर पक्षी आहे.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या दोन महिने आधी. दुपारी त्यांच्याकडे जेवून मी खाली उतरले. सोसायटीच्या आवारात मोठं पिंपळाचं झाड आहे. त्याच्याखाली आले आणि वर टुक टुक सुरू झालं. मी वर बघितलं. पक्षी दिसला नाही, पण सातव्या मजल्याच्या खिडकीत कॅमेऱ्याचं नाक दिसलं, माझ्यावर धरलेलं. मी घरी नीट जाते का बघत होते की काय, कोण जाणे. मी आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले, "तांबट."

खिडकीच्या जाळीतून हात बाहेर आला. तळवा उताणा झाला, मनगट फिरलं.

मी दोन्ही हात पसरले. मला कधी सापडलाय?

कॅमेरा माझ्यावरून निघाला आणि पिंपळावर गेला. हळूहळू वर चढला आणि एका जागी थांबला. मग तो हात जाळीवर बोटाने ठोके द्यायला लागला. एवढ्या खालून मला त्याचा आवाज येत नव्हता, पण डोक्यावर तांबट वाजत होता आणि प्रत्येक टुकला वर बोट पडत होतं. मी बसस्टॉपला निघाले. फाटकातून वळून बघितलं, तरी बोट चालूच होतं. पक्षी मला अजून दिसला नव्हता.